इमॅक्युलेटली : डाग शोधूनही सापडला नाही तरच वापरायचा शब्द

बेळगावच्या कॅम्पात आप्पांचं लाँड्रीचं दुकान होतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच, त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक लष्करातलं. जूनपासून पुढे तीन-चार महिने कपडा वाळवणं हेच मोठं काम, कारण आमच्याकडचा पाऊस दोरीवरच्या कपड्याला सुकूच देत नाही, आणि खानापूरकडून आलेल्या माणसाच्या पायजम्यावर लाल मातीचे शिंतोडे ठरलेलेच. नीळ, खळ आणि कोळशाची इस्त्री यांच्या वासात मी वाढले.

मी पाचवी-सहावीत असताना एकदा आप्पांबरोबर एका साहेबांच्या बंगल्यावर कपड्यांचं गाठोडं पोचवायला गेले होते. साहेबांनी वरचा पांढरा शर्ट उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. कॉलर उलटी करून पाहिली. बाहीची पट्टी पाहिली. खिशावरची झाकणपट्टी वर करून तिच्या खालीसुद्धा पाहिलं. मग शर्ट परत घडीवर ठेवून म्हणाले, "इमॅक्युलेटली डन." आप्पांना त्यातलं अक्षरही कळलं नाही. घरी येऊन त्यांनी मला शब्दकोश काढायला लावला. त्यात अर्थ होता 'निष्कलंकपणे'. आप्पा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे शोधला, पण डाग गावला नाही म्हणाले की."

पुढे मी इंग्रजी शिकले, आता शहापुरात संध्याकाळचे वर्ग घेते. आप्पांनी त्या दिवशी केलेल्या व्याख्येपेक्षा चांगली व्याख्या मला अजून मिळालेली नाही. हा लेख तिच्यावरच उभा आहे. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये मराठी माध्यमातून आलेली कॉलेजची मुलं असतात, गोव्यातल्या हॉटेलांत नोकरीला जाणारी पोरं असतात, जांबोटी-चोर्ला भागात घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देणारी जोडपी असतात. या सगळ्यांना कधी ना कधी हा शब्द लागतो, आणि बहुतेक जण तो 'खूप स्वच्छ' या अर्थाने कुठेही ठोकून देतात. तसा तो चालत नाही. का चालत नाही आणि कसा चालतो, ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी : शब्द उसवून पाहा

लॅटिनमध्ये 'मॅक्युला' म्हणजे डाग, ठिपका. त्याच्या आधी नकार लागला. हा नकार मुळात 'इन', पण पुढे 'म' आला की तो 'इम' होतो. म्हणजे ज्यावर डाग नाही तो 'इमॅक्युलेट'. त्याला शेवटी 'ली' जोडलं की क्रियाविशेषण तयार : डाग न राहील अशा रीतीने.

आता आपला 'निर्मळ' पाहा. 'निर्' म्हणजे नाही, 'मळ' म्हणजे मळ. बांधणी तीच. त्यामुळे मराठी माणसाला हा शब्द घोकायची गरज नाही. डोक्यात 'निर्मळ' ठेवला की अर्ध काम झालं. एवढाच फरक की निर्मळ आपण पाण्याला आणि मनाला जास्त लावतो, आणि इंग्रजीतला शब्द कपड्यांना, घरांना, बागांना जास्त लागतो.

मॅक्युला हा शब्द तुम्ही कदाचित आधीच ऐकला असेल. घरात कुणाला मधुमेह असेल आणि डोळ्यांच्या तपासणीला गेलात, तर डॉक्टर पडद्यावरच्या 'मॅक्युला'बद्दल बोलतात. डोळ्याच्या पडद्याच्या मध्याजवळ पिवळसर ठिपक्यासारखा एक भाग असतो, त्याचं हे नाव. मूळ शब्द तोच, अर्थ 'ठिपका'.

दुसरी ओळख गोव्यातली. नागमोडी पांढऱ्या जिन्यांवर उभं असलेलं पणजीचं चर्च आपल्याकडच्या बहुतेकांनी सहलीत पाहिलेलं असतं. ते 'इमॅक्युलेट कन्सेप्शन'चं चर्च. तिथली फेस्त ८ डिसेंबरला असते. इथं इमॅक्युलेटचा अर्थ धुतलेल्या कपड्याचा नाही, पापाचा डाग नसण्याचा आहे. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे मरिया तिच्या स्वतःच्या आईच्या उदरात आली, तेव्हापासूनच आदिपापाच्या डागापासून मुक्त होती. पोप नववे पायस यांनी १८५४ साली ८ डिसेंबरलाच ही गोष्ट धर्मसिद्धांत म्हणून जाहीर केली. पुष्कळ लोक याचा संबंध येशूच्या कुमारी मातेपोटी झालेल्या जन्माशी लावतात, पण ती वेगळी श्रद्धा आहे. मी हे वर्गात आवर्जून सांगते, कारण शब्दाला किती वजन आहे ते यातून कळतं. ज्या शब्दाने एवढी मोठी गोष्ट सांगितली, तो 'बरं धुतलंय' एवढ्यासाठी खर्च करायचा नाही.

दुसरी पायरी : तोंडात बसवा

उच्चाराचे पाच तुकडे करा : इ - मॅ - क्यु - लट - ली. जोर दुसऱ्या तुकड्यावर, 'मॅ'वर. चौथ्या तुकड्यात आपल्याकडे सर्रास 'लेट' म्हणतात, उशीर झाल्यासारखं. तिथं स्वर अगदी ढिला आहे, 'लट' म्हणा आणि पटकन पुढे जा. लिहिताना एम दोन असले तरी उच्चारात 'म' एकच. कन्नडच्या सवयीने आपली जीभ जोडाक्षरावर थांबते आणि 'इम्-मॅ' होतं, तेवढं सांभाळा.

स्पेलिंग बारा अक्षरांचं आहे : आय, एम, एम, ए, सी, यू, एल, ए, टी, ई, एल, वाय. दोन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. एक, एम एकदाच लिहिणं. दुसरी, 'ली' जोडताना आधीचा ई गाळणं. ई राहतो.

तिसरी पायरी : डाग शोधण्याची परीक्षा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथं जरा थांबते.

'इमॅक्युलेटली' हा पाहणाऱ्याचा शब्द आहे. काम करणाऱ्याने किती घासलं, किती वेळ घालवला, हे तो सांगत नाही. काम संपल्यावर कुणीतरी बारकाईने पाहिलं आणि नाव ठेवायला जागा सापडली नाही, हे तो सांगतो. साहेबांनी खिशाची पट्टी वर करून पाहिली नसती, तर त्यांना तो शब्द वापरायचा हक्कच नव्हता.

म्हणून शब्द लिहिण्याआधी स्वतःला विचारा : मी डाग शोधला का? शोधूनही सापडला नाही का? दोन्हींना 'हो' असेल तर शब्द वापरा. नुसतं लांबून छान दिसलं असेल, तर 'नीटली' किंवा 'नाइसली' पुरे.

इथं एका दुसऱ्या शब्दाशी गल्लत होते, तो म्हणजे 'मेटिक्युलसली'. कानाला दोघे जवळचे वाटतात, पण काम वेगळं. 'मेटिक्युलसली' ही करणाऱ्याची बाजू : बारीकसारीक गोष्टीत लक्ष घालून, चुकेल या धास्तीने जपून केलेलं काम. गंमत अशी की या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला भीतीचाच शब्द आहे. आप्पा कॉलर 'मेटिक्युलसली' घासायचे. त्यामुळे शर्ट 'इमॅक्युलेटली क्लीन' व्हायचा. पहिला शब्द घामाचा, दुसरा निकालाचा. ही जोडी एकदा पक्की झाली की निम्म्या चुका आपोआप थांबतात.

यावरूनच पुढचा नियम निघतो. निकालाचा शब्द निकाल सांगणाऱ्या रूपाशेजारी शोभतो. 'ड्रेस्ड', 'केप्ट', 'प्रेस्ड', 'मेन्टेन्ड' ही रूपं काम पुरं झाल्याचं सांगतात, म्हणून 'इमॅक्युलेटली' बहुतेक वेळा त्यांच्या आधी बसलेला दिसेल. 'आय ॲम इमॅक्युलेटली क्लीनिंग द किचन' हे वाक्य कानाला खटकतं, कारण काम अजून चालू आहे आणि निकाल आधीच लावलाय. त्याऐवजी 'आय क्लीन्ड द किचन अंटिल इट वॉज स्पॉटलेस' म्हणा.

चौथी पायरी : सोबती ओळखा

इंग्रजीत काही शब्द ठरावीक शब्दांबरोबरच फिरतात. मराठीत आपण 'कडक इस्त्री' म्हणतो, 'घट्ट इस्त्री' म्हणत नाही, तसंच. 'इमॅक्युलेटली'चे पक्के सोबती मी वहीत लिहून घ्यायला सांगते.

पहिला आणि सगळ्यात जुना मित्र 'ड्रेस्ड'. 'ही वॉज इमॅक्युलेटली ड्रेस्ड.' मराठीत याला आपल्याकडे शब्द आहे : परीटघडी. आजोबा लग्नाला परीटघडीचं धोतर नेसून, टोपी सरळ करून निघायचे, तेव्हा त्यांना पाहून जे वाटायचं तेच हे वाक्य. नुसते भारी कपडे असून चालत नाहीत. पैठणी नेसली पण पदरावर आमटीचा थेंब आहे, तर 'एक्स्पेन्सिव्हली ड्रेस्ड' म्हणा, 'इमॅक्युलेटली' नको. उलट साध्या सुती लुगड्यातली, घडी न मोडलेली, चापूनचोपून नेसलेली बाई 'इमॅक्युलेटली ड्रेस्ड' असू शकते. या शब्दात पैशाचा संबंध नाही.

याच्याच जवळचा, लष्करातला खास वाक्प्रयोग 'इमॅक्युलेटली टर्न्ड आउट'. परेडला उभा असलेला जवान, बूट चमकताहेत, पट्ट्याचं पितळ लखलखतंय, शर्टाची क्रीज सुरीसारखी, असं सगळं एकत्र सांगायचं तर हा. बेळगावात वाढलेल्या माणसाला 'टर्न्ड आउट' समजावून सांगावं लागत नाही, कॅम्पातून सकाळी सायकलवरून जाताना तो डोळ्यांनी पाहिलेला असतो.

मग 'ग्रूम्ड'. केस, दाढी, नखं नीटनेटकी असणं. हॉटेलच्या नोकरीसाठी जाणाऱ्यांनी हा शब्द पाठच करावा, कारण त्यांच्या प्रशिक्षणात तो रोज कानावर पडतो.

वास्तूंसाठी 'केप्ट' आणि 'मेन्टेन्ड'. 'ॲन इमॅक्युलेटली केप्ट गार्डन' म्हणजे तण नाही, पालापाचोळा नाही, कुंपणाची कड सरळ. 'केप्ट' हे घर, अंगण, बाग, देऊळ यांना. 'मेन्टेन्ड' हे गाडी, यंत्र, इमारत यांना जास्त लागतं. आणि अर्थातच 'इमॅक्युलेटली क्लीन', 'इमॅक्युलेटली व्हाइट', 'इमॅक्युलेटली प्रेस्ड', 'इमॅक्युलेटली टेलर्ड'. शेवटच्यात डाग राहिला बाजूला, शिवण आणि माप अचूक असल्याचा अर्थ आहे. डाग नसणं इथं 'दोष नसणं' झालं.

हा अर्थ पसरत पसरत मैदानापर्यंत गेला. क्रिकेटचं इंग्रजी समालोचन ऐकत मोठे झालेल्यांनी 'इमॅक्युलेट लाइन अँड लेन्थ' ऐकलेलं असतं. गोलंदाज षटकामागून षटक त्याच जागी चेंडू टाकतोय, फलंदाजाला एकही सैल चेंडू मिळत नाही. स्वच्छतेचा काही संबंध नाही, तरी कल्पना तीच : बोट ठेवायला जागा नाही.

पाचवी पायरी : वाक्यात जागा द्या

इथं आपल्या सीमाभागातल्या माणसाला एक मदत मिळते आणि त्याच हाताने एक चकवाही मिळतो. दोन्ही कन्नडकडून.

मदत अशी. इंग्रजीत विशेषणाला 'ली' जोडून क्रियाविशेषण करतात, ते मराठीतून शिकवताना त्रास होतो, कारण मराठीत बहुतेकदा काही जोडावंच लागत नाही. 'स्वच्छ खोली' आणि 'स्वच्छ धुतली', शब्द एकच. पण कन्नडमध्ये 'आगी' जोडतात. 'स्वच्छ' चं 'स्वच्छवागी', 'सुंदर' चं 'सुंदरवागी', नीटनेटकेपणाला 'अच्चुकट्टु' आणि नीटनेटकेपणाने म्हणजे 'अच्चुकट्टागी'. शाळेत कन्नड शिकलेल्या मुलांना मी एवढंच सांगते : 'आगी' जिथं, 'ली' तिथं. लगेच डोळे चमकतात. पुण्या-मुंबईच्या मुलांना न मिळणारी ही किल्ली आपल्या हातात आयती आहे, आणि ती वापरायला कमीपणा वाटायचं काही कारण नाही. सीमेचा प्रश्न ज्याच्या त्याच्या मनात असेलच, पण दोन भाषा कानात असणं ही आपली कमाई आहे.

आता चकवा. कन्नडमध्ये 'घर स्वच्छ आहे' हेसुद्धा 'मने स्वच्छवागिदे' असं म्हणतात, म्हणजे 'आहे' बरोबरसुद्धा 'आगी' येतो. इंग्रजीत तसं चालत नाही. 'द हाउस इज इमॅक्युलेटली' हे वाक्य अर्धवट आहे, ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. तिथं 'द हाउस इज इमॅक्युलेट' हवं. 'इज', 'लुक्स', 'सीम्स' यांच्यानंतर एकटाच शब्द येणार असेल तर 'ली' काढून टाका. 'द रूम लुक्स इमॅक्युलेट.' आणि पुढे 'केप्ट', 'क्लीन' असा आणखी शब्द असेल तर 'ली' ठेवा. 'द रूम इज इमॅक्युलेटली क्लीन.'

'कीप' या क्रियापदाबरोबर आणखी एक बारीक गोष्ट. 'ती घर अगदी निर्मळ ठेवते' याला 'शी कीप्स हर हाउस इमॅक्युलेट' म्हणतात. इथं निर्मळ घर झालंय, म्हणून विशेषण. पण तेच वाक्य उलटं केलं की 'हर हाउस इज इमॅक्युलेटली केप्ट'. दोन्ही बरोबर, दोन्ही सुंदर. मधलं 'शी कीप्स हर हाउस इमॅक्युलेटली' हे ऐकायला मिळतं, चूक म्हणता येणार नाही, पण मी पहिली दोन शिकवते.

क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये मात्र या शब्दाला बसवू नका. 'ही आयर्न्ड इमॅक्युलेटली द शर्ट' असं होत नाही. 'ही आयर्न्ड द शर्ट इमॅक्युलेटली' असं शेवटी ठेवा. नामाच्या आधी वापरताना 'ॲन' विसरू नका, कारण सुरुवात स्वराने आहे : 'ॲन इमॅक्युलेटली ड्रेस्ड जेंटलमन'. आणि 'ली' च्या शब्दानंतर जोडरेघ लागत नाही. अर्जात, जाहिरातीत ही जोडरेघ मला फार वेळा दिसते.

'व्हेरी इमॅक्युलेटली' लिहू नका. डाग एकतर आहे, नाहीतर नाही. 'फार डाग नाही' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं थोडा आहे. जोर द्यायचाच असेल तर विशेषणाला 'ॲब्सोल्यूटली इमॅक्युलेट' चालतं.

सहावी पायरी : भावंडांतून निवडा

परिपूर्णतेचे शब्द इंग्रजीत बरेच आहेत. शब्दकोश सगळ्यांना एकच मराठी अर्थ देतो, त्यामुळे मुलं गोंधळतात. मी प्रत्येकाला एक मराठी खूण देते.

'स्पॉटलेसली' हा त्याचा साधा, घरगुती भाऊ. 'स्पॉट' म्हणजे डागच, पण हा जवळजवळ फक्त 'क्लीन' शेजारी राहतो. 'स्पॉटलेसली क्लीन किचन.' कपडे घातलेल्या माणसाला तो सहसा लावत नाहीत. मराठी खूण : लख्ख.

'इम्पेकबली'च्या मुळाशी लॅटिनमधला पाप करण्याचा, चुकण्याचा शब्द आहे. म्हणून तो वागण्याला, शिष्टाचाराला, बोलण्याला जास्त शोभतो. 'इम्पेकबली बिहेव्ड', 'इम्पेकबली पोलाइट'. कपड्यांनाही चालतो, 'इम्पेकबली ड्रेस्ड' तितकंच रूढ आहे, पण तिथं आवडनिवड, प्रसंगाला साजेसं असणं हाही भाग येतो. मराठी खूण : चोख. चोख हिशेब, चोख वागणं.

'फ्लॉलेसली'ची खूण मला वडगावातल्या मागावर सापडली. साडी विणताना मध्येच धागा तुटला तर कापडात एक रेघ उमटते. ती धुऊन जात नाही, कारण ती डाग नाही, विणीतलीच खोट आहे. अशी खोट म्हणजे 'फ्लॉ'. म्हणून साडी 'फ्लॉलेसली वोव्हन' आणि तीच साडी धुऊन, घडी घालून ठेवली की 'इमॅक्युलेटली फोल्डेड'. नाच, गाणं, योजना तडीस नेणं, यांनाही 'फ्लॉलेसली' लागतो, कारण तिथं घडण महत्त्वाची. मराठी खूण : बिनखोट.

'परफेक्टली' सगळीकडे चालतो, म्हणून त्याची धार गेली आहे. एक सावधगिरी ठेवा. 'इट्स परफेक्टली क्लीन' हे वाक्य बरेचदा स्तुतीचं नसतं. कुणी शंका घेतली की 'अहो, स्वच्छच आहे, वापरा की' या सुरात ते येतं. पाहुण्याच्या खोलीबद्दल असं लिहिलं, तर वाचणाऱ्याच्या मनात नको ती शंका उगवते.

माणसाच्या चारित्र्याबद्दल आपण 'धुतल्या तांदळासारखा' म्हणतो. तिथं 'इमॅक्युलेटली ऑनेस्ट' कुणी म्हणत नाही. 'स्क्रूप्युलसली ऑनेस्ट' म्हणतात, किंवा नाम घेऊन 'ॲन इमॅक्युलेट रेकॉर्ड'.

सातवी पायरी : खऱ्या कागदावर उतरवा

नुसते नियम वहीतच राहतात, म्हणून माझ्याकडे आलेल्या कागदांतून घेतलेले काही प्रसंग.

होमस्टे चालवणाऱ्या एका जोडप्याने खोल्यांचं वर्णन लिहून आणलं होतं : 'अवर रूम्स आर व्हेरी इमॅक्युलेटली अँड नेचर इज नाइस.' आम्ही बसून ते असं केलं : 'टू इमॅक्युलेटली केप्ट रूम्स ऑन द एज ऑफ द फॉरेस्ट.' मग मी विचारलं, पावसाळ्यात भिंतीला ओल येते का? ते म्हणाले, "येते की, जुलैत पडदेसुद्धा वास मारतात." तेव्हा त्यांना सांगितलं, जाहिरात नोव्हेंबर ते मेसाठी हीच ठेवा आणि पावसाळ्यासाठी दुसरी लिहा : 'सिंपल, क्लीन रूम्स'. घाटातल्या पावसात कुठलंही घर डागाविना राहत नाही, आणि येणाऱ्या पाहुण्याला ते आधी कळलेलं बरं.

मोटारसायकल विकणाऱ्या एका मुलाने 'इमॅक्युलेटली मेन्टेन्ड, सिंगल ओनर' लिहिलं होतं. वाक्य निर्दोष होतं. मी त्याला म्हटलं, गाडी दाखव. टाकीवर ओरखडा होता. शब्द बदलला : 'वेल मेन्टेन्ड, माइनर स्क्रॅच ऑन टँक'. गाडी चार दिवसांत गेली. मोठा शब्द लावला असता तर घेणाऱ्याने पहिला तो ओरखडाच शोधला असता, कारण हा शब्द डाग शोधायला निमंत्रण देतो.

नोकरीच्या अर्जात स्वतःबद्दल हा शब्द लिहू नका. 'आय ड्रेस इमॅक्युलेटली' हे स्वतःच स्वतःला दिलेलं प्रशस्तिपत्र होतं. पाहणाऱ्याचा शब्द पाहणाऱ्यालाच म्हणू द्या. शिफारसपत्रात मात्र तो शोभून दिसतो. हाउसकीपिंगच्या नोकरीसाठी जाणाऱ्या एका मुलीच्या पत्रात आम्ही लिहिलं : 'द फ्लोअर इन हर चार्ज वॉज ऑलवेज इमॅक्युलेटली मेन्टेन्ड.' तिच्या जुन्या वरिष्ठांनी सही करण्याआधी वाचलं आणि मान डोलावली.

रोजच्या बोलण्यात शब्द जपून वापरा. शेजारच्या काकूंच्या नातवाला 'तुझी खोली इमॅक्युलेटली क्लीन दिसतेय' म्हटलं तर पोरगं गोंधळेल, 'व्हेरी नीट' पुरे. हा शब्द लिखाणात, औपचारिक स्तुतीत, कौतुकाच्या जरा ताठ प्रसंगात शोभतो. महिन्यातून एकदा वापरला तरी पुष्कळ झाला.

आठवी पायरी : सात दिवसांचा सराव

रोज एक गोष्ट निवडा, घरातली किंवा गल्लीतली. देवघर, बसस्टँडवरचं हॉटेल, कुंद्याच्या दुकानातलं काचेचं कपाट, शेजाऱ्यांची रिक्षा, शाळेचा गणवेश. आधी दोन मिनिटं डाग शोधा. कडा, कोपरे, खालची बाजू पाहा. मग एक वाक्य लिहा. डाग सापडला नाही तरच 'इमॅक्युलेटली', सापडला तर त्याला साजेसा दुसरा शब्द. आठवड्याच्या शेवटी किती वाक्यांत हा शब्द आला ते मोजा. सातपैकी पाच वेळा आला असेल, तर बहुतेक तुम्ही पाहिलंच नाही.

गेल्या पावसाळ्यात एका मुलीने आजीच्या पितळी भांड्यांवर वाक्य लिहून आणलं होतं : 'माय ग्रँडमदर्स ब्रास पॉट्स आर ऑलवेज इमॅक्युलेटली पॉलिश्ड.' व्याकरण चोख. मी विचारलं, "काठाखाली पाहिलंस काय?" ती गप्प. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "बाई, घागरीच्या गळ्याखाली हिरवा डाग हाय. आजीला म्हटलं तर ती म्हणाली, तितं माझं बोट पोचत नाही बाळ." तिने वाक्य खोडून नवीन लिहिलं होतं : 'माय ग्रँडमदर्स ब्रास पॉट्स आर लव्हिंगली पॉलिश्ड.' त्या संध्याकाळी तिने चिंच आणि राख घेऊन गळ्याखालचा डाग स्वतः काढला, आणि वहीत तेच वाक्य तिसऱ्यांदा लिहिलं, या वेळी पहिल्या शब्दासकट.